नद्या बोलतात, मग आपला वाघदेव का नाही?

तलासरीहून बोलतोय. अर्बन फँटसी आवडते ना? मग बेन आरोनोविचची 'रिव्हर्स ऑफ लंडन' मालिका घ्या, २०११च्या पहिल्या पुस्तकापासून. पीटर ग्रँट साधा पोलीस शिपाई. एका खुनात चक्क भुताची साक्ष घेतो, मग जादू शिकायला लागतो. लंडनच्या नद्या तिथे माणसांसारख्या वागतात, रुसतात, भांडतात. मराठीत हवं असेल तर नारायण धारपांच्या समर्थकथा वाचा.

त्या नद्या वाचताना मला हायवेपलीकडचा आमचा वाघदेव आठवला. शाळेत त्याचं नाव काढायला मी लाजायचो. आता वाटतं, हायवेवरच्या ट्रकांमधून फिरणारा वाघदेव आपल्यापैकीच कुणीतरी लिहायला हवा. आज आजीला विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. सुरुवात तिथूनच.