किती जोर आला, ते लिहून ठेवा

आम्ही दोघी फिजिओथेरपी करतो. गावोगावच्या शिबिरांना जातो, तेव्हा घरच्या माणसांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, जोर येतोय का नाही, ते आम्हाला कसं कळावं?" आज त्याच प्रश्नावर बोलूया.

पाथर्डीकडच्या एका घरची गोष्ट सांगतो. घरातल्या मावशींच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. महिना झाला तरी हात जागचा हलेना. दर खेपेला एसटीचं भाडं, वर सुनेची मजुरी बुडायची. घरात ठरलं, आता हे असंच राहायचं, जाणं बंद करू. आम्ही मावशींना म्हटलं, "हात वाकवायचा मनापासून प्रयत्न करा," आणि सुनेची बोटं त्यांच्या दंडावर ठेवली. हात हलला नाही. पण सून दचकली. म्हणाली, "आत काहीतरी वळवळलं!" तीच ती खूण. डोळ्यांना न दिसणारा जोर तिच्या बोटांना लागला होता. त्या दिवशी कागदावर आम्ही शून्य नाही, एक लिहिला.

हा एक कुठला? स्नायूंचा जोर मोजायला शून्य ते पाच असे आकडे आहेत. साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बोस्टनला डॉ. रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट पोलिओ झालेल्या मुलांचे स्नायू हातांनी तपासत. पुढे दुसऱ्या महायुद्धात नसा तुटलेले सैनिक येऊ लागले, तेव्हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ च्या पुस्तिकेत शून्य ते पाच ही मोजणी दिली. आजही दवाखान्यात तीच चालते. यंत्र लागत नाही. तपासणारीचे हात आणि पृथ्वीची ओढ एवढ्यावर काम होतं.

गुडघा सरळ करणाऱ्या मांडीच्या स्नायूवर समजून घेऊ. बाई उंच खाटेवर पाय खाली सोडून बसली आणि तिने पाय समोर पूर्ण सरळ केला, म्हणजे पायाचं स्वतःचं वजन उचललं. हा झाला तीन. आता घोट्याच्या वर हात ठेवून आम्ही पाय खाली दाबतो. थोडा दाब सोसला तर चार, पुरता दाब सोसला तर पाच. बसून पाय सरळ होत नसेल, तर तिला कुशीवर निजवून पायाला खालून आधार देतो. आता पाय वर उचलायचा नाही, आडवा सरकवायचा. तसा पूर्ण सरळ झाला तर दोन. हालचाल नाही, पण बोटाला आकसणं लागलं तर एक. तेही नाही तर शून्य.

आता बघा, तीनची बाई आपला पाय उचलते, पण तिच्या डोक्यावर हंडा देता येईल का? नाही. तो भार चार-पाचचा. "पाय तर हलतो, मग कामाला का लागत नाही, नखरे करते," असं बोलणं घरोघरी ऐकू येतं. त्या बाईचा आकडा तीन असतो, एवढंच. हा आकडा घरच्यांना समजावून सांगितला की टोमणे थांबतात, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

मोजताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, आधी चांगली बाजू तपासायची. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईचा जोर आणि शाळकरी मुलीचा जोर सारखा कसा असेल? ज्याची त्याची दुसरी बाजू हेच त्याचं माप. दुसरी, दुखणं आणि जोर वेगळे धरायचे. गुडघा ठणकत असेल तर पाय दाबाला टिकत नाही, पण स्नायू कमजोर असेलच असं नाही. म्हणून आकड्याशेजारी "दुखतं" असं लिहायचं. तिसरी, शरीर चलाख असतं. कमजोर स्नायूचं काम शेजारचा उरकून देतो. खांदा उडवून, अंग मागे टाकून हात वर जातो. आम्हीही यात एकदा फसलो. पेशंटने झोका देऊन हात उचलला, आम्ही तीन लिहिला. पुढच्या खेपेला नीट धरून तपासलं तर दोन. घरच्यांना वाटलं, जोर उतरला. उतरला नव्हता, आमचं पहिलं माप चुकलं होतं. तेव्हापासून कसं बसवून तपासलं, तेही आम्ही कागदावर लिहितो.

शून्य ते पाच ठरवण्याचं काम शिकलेल्या हातांचंच. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात गेलात की विचारा, "आमचा आकडा किती? मागच्या वेळी किती होता?" तो वहीत लिहून घ्या. विचारायला संकोच नको.

घरी करता येईल अशीही एक मोजणी आहे. साठीच्या पुढच्या, एरवी चालत्या-फिरत्या बाईसाठी. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून बसायचं आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. एकीने घड्याळ बघायचं, दुसरीने शेजारी उभं राहायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईचे १२ पेक्षा कमी झाले, ६५ ते ६९ च्या बाईचे ११ पेक्षा कमी, किंवा ७० ते ७९ च्या बाईचे १० पेक्षा कमी, तर पायांचा जोर कमी आहे आणि पडण्याचा धोका आहे असं समजा. दाखवून घ्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर ही मोजणी करू नका.

काही वेळा मात्र मोजत बसायचं नाही. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, तर लगेच १०८ ला फोन करा. दोन्ही पायांना मुंग्या येऊन जोर जायला लागला आणि तो अशक्तपणा वर चढू लागला, तरी त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे शंभराहून जास्त पेशंट निघाले, तो आजार असाच सुरू होतो. आणि वारं गेलेल्या माणसाला उठवताना लुळा हात कधी ओढू नका, खांदा निखळतो.

हे आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर जामखेड आठवा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. गावच्या बायकांनाच त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी गावं सांभाळली. वहीत एक आकडा लिहायचा, एवढं तर आपल्या हातचं आहे.

मावशींचं पुढे काय झालं? त्यांचं येणं सुरू राहिलं. काही आठवड्यांनी पावडर टाकलेल्या टेबलावर हात सरकला, दोन. मग हात तोंडापर्यंत पोचला, तीन. पाच काही झाला नाही, तीनवरच थांबला. सगळ्यांचा पाच होतो असं आम्ही कुणाला सांगत नाही. पण मावशी आता आपल्या हाताने घास घेतात. त्या दिवशी सुनेच्या बोटांना तो एक लागला नसता, तर हे घडलं नसतं.

येत्या बैठकीत बचत गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा खुर्चीचा आकडा त्यावर तारखेसह लिहा, आणि महिन्याने पुन्हा मोजा.