मैदान मोकळं नाही
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"तुझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोल," असं संयोजकांनी मला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरवर दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकांवरची मंडळी सरळ तांबड्या रश्शाकडे निघतील, हे मला तीस वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात फुटबॉलचा विषय निघाला की कोणी उठून जात नाही.

२०१५ साली मी कंपनीच्या कामासाठी लंडनजवळ राहत होते. १ ऑगस्टला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन वेम्बली स्टेडियमवर गेले. इंग्लंडच्या महिलांच्या एफए कपची अंतिम लढत होती, चेल्सी विरुद्ध नॉट्स काउंटी. महिलांची ही फायनल वेम्बलीवर पहिल्यांदाच होत होती. जी सो-युन या दक्षिण कोरियाच्या खेळाडूने गोल केला आणि चेल्सी १-० अशी जिंकली. मैदानात तीस हजारांवर प्रेक्षक होते.

माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. सामना संपला तरी त्या उठेनात. डोळे पुसत होत्या. मी विचारलं, "तुमचा संघ हरला का?" त्या म्हणाल्या, "नाही. मी शाळेत असताना फुटबॉल खेळायला मागत होते, तेव्हा आम्हाला मैदानच मिळत नव्हतं."

घरी येऊन मी वाचायला घेतलं, आणि त्या बाईंचं वाक्य अक्षरशः खरं निघालं. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' कारखान्यातल्या कामगार मुलींनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, त्याला ५३ हजार लोक आले. पैसा जमायचा तो धर्मादाय कामाला जायचा. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही. जमलेला बराच पैसा खर्चातच जातो, अशी तक्रारही त्याला जोडली. पण ठरावातली खरी मेख पुढे आहे. त्यांनी "बायकांनी खेळू नये" असा कायदा केला नाही, तसा अधिकारही त्यांना नव्हता. त्यांनी आपल्या क्लबांना एवढंच सांगितलं, की बायकांच्या सामन्यांना तुमचं मैदान देऊ नका.

एवढं पुरलं. जवळजवळ पन्नास वर्षं पुरलं.

१९६९ साली तिथल्या बायकांनी स्वतःची संघटना काढली. बंदी उठली. आणि १९७०-७१च्या हंगामात पहिली राष्ट्रीय बाद-फेरीची स्पर्धा झाली. पुरुषांचा एफए कप सुरू झाला १८७१ला, म्हणजे बायकांना जवळजवळ शंभर वर्षं थांबावं लागलं. या पहिल्या स्पर्धेत ७१ संघ उतरले. ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर साउदॅम्प्टनच्या मुलींनी स्कॉटलंडच्या स्टूअर्टन थिसलला ४-१ असं हरवलं.

आता जरा माझ्या धंद्यातलं बोलते. बाद फेरीचा हिशेब फार सोपा असतो. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो. ७१ संघांतून एक विजेता काढायचा तर ७० संघ बाद करायला हवेत, म्हणजे ७० सामने. हा हिशेब करताना माझ्या मनात आलं, की ७० सामने म्हणजे ७० वेळा कुणीतरी कुठेतरी मैदान दिलं. कप नंतर आला, मैदान आधी. २०२३च्या फायनलला वेम्बलीवर ७७,३९० लोक होते. प्रेक्षक नव्हते म्हणून खेळ थांबला होता असं नाही. प्रेक्षक १९२० सालीही होतेच.

आता आपल्या शाळेत येऊ.

आपण नववीत होतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली मुलं शाळा सुटली की मैदानावर, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धा वर्ग गायब. आम्ही मुली कट्ट्यावर बसून दप्तरं सांभाळायचो. आम्हा सहाजणींना वाटलं, आपणही खेळावं. विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "खेळा की, नको कोण म्हणतंय? पण मैदान मोकळं नाही." बघा, कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात विचारणा झाली, "कुठल्या मुलींना फुटबॉल खेळायचाय? उभ्या राहा." मुलं हसायला लागली. आमच्यातली एकच उभी राहिली. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. घरी कळलं तर काय, एवढाच विचार माझ्या मनात होता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग बसली. नंतर त्या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

ती आज या सभागृहात आहे. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. पण बाई गं, वेम्बलीवर शेजारची बाई रडली तेव्हा मला तू आठवलीस. मी त्या दिवशी उभी राहायला हवं होतं. तीस वर्षं उशिरा का होईना, सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं.

मला हेही फार उशिरा कळलं, की आपण शाळेत होतो तेव्हाच, १९९१पासून, आपल्या देशात महिलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरत होती. तिच्या करंडकाला नाव आहे राजमाता जिजाबाईंचं. शिवजयंतीला आपण घसा कोरडा होईपर्यंत घोषणा दिल्या, आणि जिजाबाईंच्या नावाचा फुटबॉल करंडक आपल्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हता.

शेवटी एक मागणी. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची चर्चा आहे. कमान जरूर बांधू. पण तिच्यासोबत शाळेकडून एक गोष्ट लेखी घेऊ या. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास, मैदान मुलींचं. वेळापत्रकात छापलेलं, म्हणजे "मोकळं नाही" म्हणायची सोय राहणार नाही. बॉल, बूट आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडे.

त्याचं पत्र मी लिहून आणलं आहे. माझी सही केली आहे. तिच्या वरची जागा मोकळी ठेवली आहे, कारण या बाबतीत पहिली उभी राहणारी मी नव्हते. जेवायला जाण्याआधी तिनं इकडं येऊन जावं, एवढीच विनंती.