मिश्रीचं विचारलंत का?

राज्यभरातून नागपुरात आलेल्या डेंटल हायजीनच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

दुपारी सावजी रस्सा आहे. ज्यांना तो झेपणार नाही त्यांच्यासाठी साधं वरणही केलंय. राहण्याजेवणात काही उणं वाटलं तर हक्काने सांगा. खर्ऱ्याची सोय तेवढी केलेली नाही. त्यासाठी स्वागत समितीची गरजही नाही म्हणा! गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा कुठे मिळतो हे इथलं शाळकरी पोरही सांगेल.

२०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं दुखणं धुरात नाही, गालफडात आहे.

या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे तुम्हाला पाठ आहे. सबम्युकस फायब्रोसिसची लक्षणं तुम्ही झोपेतही सांगाल. पण केसपेपरवर ‘तंबाखू : नाही’ असं लिहिलेली मावशी खुर्चीत बसते, खालच्या दातांच्या मुळाशी काळपट थर दिसतो, आणि तुम्ही मुकाट्याने स्केलिंगला लागता. तिने खोटं सांगितलेलं नसतं. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मिश्री ती सकाळ-दुपार लावते. तिच्या लेखी ते दात घासणं. “त्याशिवाय पोट साफ होत नाही,” असंही ती सांगेल, पण कुणी विचारलं तर.

विचारायला आपण कचरतो. रुग्ण दुखावेल, हे काम डॉक्टरांचं, सिगारेटपेक्षा बरंच की, अशी कारणं मी होस्टेलवरही ऐकली आहेत, आणि सांगणाऱ्याच्या ओठाखाली चिमूट होती. पण हे काम एकट्या डॉक्टरांचं नाही: १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानेच हायजिनिस्टला स्वतंत्र नोंदणी दिली. डॉक्टर दोन मिनिटं डोकावतात, रुग्ण अर्धा तास तुमच्यापाशी असतो. डाग घासून नुसतं घरी पाठवलं, तर आपण पुढच्या खर्ऱ्यासाठी दात चकचकीत करून दिले, एवढंच.

आज तुमच्यातले काही जण सहाध्यायींचं तंबाखूविषयीचं ज्ञान आणि दृष्टिकोन यांवर निबंध वाचणार आहेत. प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न घाला: गेल्या आठवड्यात किती रुग्णांना खर्रा, मावा, मिश्री अशी नावं घेऊन विचारलंत? आणि ज्यांना सोडायचं आहे, त्यांच्या केसपेपरवर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक लिहून द्या. फोनला पैसे पडत नाहीत.