कापसाची दारू किती दिवस टिकते?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दारूचे नाव काढल्याबरोबर मागची मंडळी सावरून बसली! ही दारू बाटलीतली नव्हे, बंदुकीतली. पण ती कापसापासून होते, म्हणून आपल्याला ती ठाऊक हवी. आणि डुकरे-रोही हाकायला परवान्याची ठासणीची बंदूक ज्यांच्या घरी आजोबांपासून आहे, त्यांच्या तर जिवाशी गाठ आहे.

ठासणीची दारू काळी. शंभर भागांत पंच्याहत्तर भाग सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. ती आपोआप नासत नाही. कोरडी ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. तिचा वैरी ओल. ओलीने सोरा विरघळून दाण्याबाहेर येतो. मग कितीही वाळवा, ती पहिल्यासारखी होत नाही. आणि वाळवायला चुलीजवळ नेणाऱ्याला काय सांगावे?

काडतुसातली दारू वेगळी. जिनिंगनंतर सरकीवर जी आखूड लव राहते, ती तेलगिरणीवाला यंत्राने काढतो आणि लिंटर म्हणून वेगळी विकतो. (सरकीच्या भावात तिचे किती पैसे धरले जातात, हा प्रश्न पुढच्या मेळाव्याला.) आम्लात मुरवलेला कापूस स्फोटक होतो, हे शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली बाझेलला दाखवले. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात फॅवरशॅमचा कारखाना उडाला. कापसाचा तंतू म्हणजे पोकळ नळी. आम्ल त्या नळीत अडकून बसते. १८६५ साली एबल यांनी कापूस कुटून, लगदा करून धुण्याची रीत काढली, तेव्हा कुठे ते आवरले. आपणही पेरणीआधी सरकी आम्लात चोळून चुन्याच्या निवळीने धूत होतोच. धुणे कमी पडले की बी मेले!

पण कितीही धुतली तरी ही दारू हळूहळू नासतेच. तिच्यातून नत्राचे वायू सुटतात आणि तेच वायू उरलेल्या दारूला नासवतात. ओल्या कडब्याची गंजी आतल्या आत तापते, तशी ही तापत जाते. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या युद्धनौका उडाल्या, शेकडो माणसे मेली. दोष या दारूच्या नासण्यावर गेला. म्हणून आता तिच्यात डायफेनिलअमाइन घालतात. ते वायू शोषून घेते. ते संपले की दारूचे आयुष्य संपले.

तेव्हा डब्यावरची तारीख पाहून काही कळत नाही. उष्णता दहा अंशांनी वाढली की नासण्याचा वेग दुपटीने, कधी त्याहूनही अधिक वाढतो. थंड कोठारात हीच दारू कित्येक दशके राहील. आपल्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तिचा भरवसा धरू नये.

अमेरिकेत लोक घरी काडतुसे भरतात. तिथला नियम असा, की दारू मूळ डब्यातच ठेवावी, दुसरीत मिसळू नये, लाकडी कपाटात ठेवावी. लोखंडी तिजोरीत नको, कारण मोकळी दारू भडकून जळते, कोंडलेली फुटते. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा वास येतो. आंबट, झोंबणारा वास आला, डबा आतून गंजला, तांबूस भुकटी किंवा धूर दिसला, की ती गेली.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. पण खरी भीती दुसरीच आहे. काळी दारू मिळेना म्हणून कोणी काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरायला सांगेल. ऐकू नका! तिचा दाब ठासणीच्या नळीला पेलत नाही. नळी फुटते, हात जातो, डोळा जातो.

माळ्यावर जुना डबा सापडला तर चाळू नका, उन्हात घालू नका, चुलीत टाकू नका. पोरांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारकांनी सभा संपल्यावर थांबावे. कळवण्याचा अर्ज इथेच लिहून घेऊ.