कागद कुणाच्या फोनवर?

कर्जाचं प्रकरण आलं की आधार, पासबुक यांचे फोटो सरळ गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडतात. वाटेत ते कुणी बघू शकत नाही, हे खरं. पण पोचतात सगळ्याजणींच्या फोनवर, आणि एकेकीचा फोन घरात किती हातांतून फिरतो! म्हणून आम्ही ठरवलंय, कागद फक्त सचिवताईंच्या नंबरवर पाठवायचे. जिथे चालतं तिथे ‘मास्क्ड आधार’ देतो. त्यात आधार नंबरचे शेवटचे ४ अंकच दिसतात. चुकून गटावर गेलंच, तर लगेच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबायचं. तोवर कुणी फोटो उतरवून घेतला असेल, तर तो त्यांच्याकडे राहू शकतो. काम झालं की सचिवताई आमच्यासमोर फोटो पुसतात, गॅलरीतूनसुद्धा.