एका पंगतीची सव्वाशे वर्षे



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आम्ही ऑक्सफर्डमधील एका लहानशा विद्यार्थिगृहाविषयी बोलणार, हे कळल्यावर 'घरचा विषय टाकून हे विलायतेचे पुराण कशाला?' असे काहींना वाटले असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. घरापासून दूर राहून एखादी छोटी संस्था जिवंत ठेवणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या घराचाही होता आणि आपलाही आहे.

त्या घराचे नाव सेंट बेनेट्स हॉल. बेनेट म्हणजे सहाव्या शतकातील इटालियन साधू बेनेडिक्ट. मठात कसे राहावे याविषयी त्यांनी ७३ प्रकरणांची एक लहान नियमावली लिहिली. सर्वांनी एकत्र जेवावे, आठवड्याच्या पाळीने एकमेकांना वाढावे, आलेल्या पाहुण्याचे देवासारखे स्वागत करावे, महत्त्वाच्या प्रसंगी धाकट्यांचेही मत ऐकावे, अशी त्यातली शिकवण. बेनेडिक्टाइन साधू व्रत घेताना 'स्थैर्या'ची शपथ घेतात, म्हणजे ज्या मठात प्रवेश केला त्याच मठाशी जन्मभर बांधून राहण्याची. दर काही वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडणाऱ्या आमच्यासारख्यांना या शपथेचा हेवा वाटल्यास नवल नाही.

या साधूंना ऑक्सफर्ड नवे नव्हते. १२८३ साली त्यांनी तेथे ग्लॉस्टर कॉलेज स्थापन केले होते. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बुडविले, त्यात तेही गेले. आज तेथे वूस्टर कॉलेज उभे आहे. इंग्लंडमध्ये थारा न उरल्याने काही इंग्रज साधूंनी १६०८ साली फ्रान्समध्ये द्यूलुआर या गावी मठ वसविला. परमुलखात जवळजवळ दोन शतके त्यांनी आपली भाषा आणि आपली उपासना सांभाळली. फ्रेंच राज्यक्रांतीने तेथूनही हुसकले, तेव्हा १८०२ साली ते यॉर्कशायरमधील अँपलफोर्थ येथे स्थिरावले. परदेशात नांदून परतलेल्या या मंडळींनीच १८९७ साली ऑक्सफर्डमध्ये आपले छोटे घर थाटले, तरुण साधूंना विद्यापीठाची पदवी घेता यावी म्हणून.

आरंभी ते चालकाच्या नावाने ओळखले जाई. चालक बदलला की नाव बदले. १९१८ साली त्याला 'पर्मनंट प्रायव्हेट हॉल' हा दर्जा आणि सेंट बेनेट्स हे नाव मिळाले. १९२२ पासून ते सेंट जाइल्स या रुंद रस्त्यावरील ३८ क्रमांकाच्या घरात नांदू लागले. पुढे संन्यासी नसलेले विद्यार्थीही तेथे राहू लागले. व्याख्याने आणि परीक्षा विद्यापीठाच्या, पदवीही विद्यापीठाची. मात्र राहणे-जेवणे या घरात. इंग्लंडच्या कॅथलिक समाजाचे पुढे प्रमुख झालेले कार्डिनल बेसिल ह्यूम याच घरात राहून इतिहास शिकले.

या घराची खरी ओळख म्हणजे त्याचे जेवणाचे टेबल. ऑक्सफर्डच्या बहुतेक कॉलेजांत प्राध्यापकांचे टेबल वेगळे, बहुधा एका चौथऱ्यावर असते, विद्यार्थी खाली. सेंट बेनेट्समध्ये असे दोन थर नव्हतेच. साधू, प्राध्यापक, पाहुणे आणि काल दाखल झालेला अठरा वर्षांचा पोरगा एकाच टेबलाशी बसत. आपल्याकडे 'पंक्तिप्रपंच' हा एक बोचरा शब्द आहे, आणि पंगतीत कोणी कोठे बसावे यावरून आपल्या समाजात काय काय घडले ते सांगायला नको. तो प्रपंच येथे नव्हता. घर लहान, माणसे मोजकी. कोणी चार दिवस जेवायला दिसला नाही तर ते लक्षात येई. मोठ्या संस्थेत मुलगा हरवतो, लहान संस्थेत तो सापडतो.

लहानपणाची दुसरी बाजूही होती. मठाच्या शिस्तीतले हे घर फक्त पुरुषांचे होते. २०१२ पर्यंत प्रमुख नेहमी साधूच असे. त्या वर्षी प्रथमच संन्यासी नसलेले प्रमुख आले. २०१४ पासून पदव्युत्तर आणि २०१६ पासून पदवीपूर्व विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. त्यासाठी नॉर्हम गार्डन्स येथे दुसरी वास्तूही घेतली गेली. विद्यापीठातील बहुतेक संस्थांच्या मागून हे दार उघडले. पण उघडल्यावर त्या टेबलाशी मुलीही त्याच मानाने बसल्या.

आणि मग शेवट आला. सेंट जाइल्सची वास्तू मठाच्या मालकीची होती. घराचा संसार मठाच्या आधारावर चाललेला. तो आधार सुटू लागला आणि पुरेशी गंगाजळी घराजवळ नव्हती. आर्थिक भविष्याची खात्री पटेना, म्हणून २०२२ साली विद्यापीठाने परवाना पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. विद्यार्थी इतर कॉलेजांत वाटले गेले आणि वास्तू सेंट हिल्डाज कॉलेजकडे गेली. नावातच 'पर्मनंट' असलेली संस्था १२५ वर्षांनी बंद पडली. सरकारी नोकरीत 'कायम' या शब्दाचे मोल आम्ही पुरेपूर जाणतो. पण संस्था कायम होते ती शिक्क्याने नव्हे, हे येथे दिसते.

बंधुभगिनींनो, सेंट बेनेट्स प्रेमाच्या अभावी बंद पडले नाही. ते लहान होते म्हणूनही नाही. लहान होते म्हणून तर ते प्रिय होते. प्रेम पंगतीवर होते, पण छप्पर दुसऱ्याच्या नावावर होते. आपल्या मंडळानेही या पन्नास वर्षांत गणेशोत्सवाच्या पंगती उठविल्या, नवख्या कुटुंबांना हात दिला, परप्रांतात मुलांच्या तोंडी मराठी टिकविली. ही पंगत आपण जपतोच. तिच्याइतक्याच आस्थेने जागेचे कागद, राखीव निधी आणि पुढची कार्यकारिणी यांचाही विचार करावा. नियमावली लिहिणाऱ्या त्या साधूने धाकट्यांना विचारण्यास सांगितले आहे. आपल्या सभांतून तरुणांना नुसते सतरंज्या घालायला न बोलावता मत द्यायला बोलावले, तर शताब्दीच्या पंगतीला वाढपी शोधावे लागणार नाहीत.