मूठभर धान्य, मूठभर खिळे

बेळगाव-निपाणी भागातील एखाद्या जुन्या सरकारी शाळेत पाऊल टाकावे, तर पुष्कळदा प्रथम नजरेस पडते ती दात्यांच्या नावांची पाटी. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून दिलेली असते, कोणी पाण्याची टाकी, कोणी घंटा. शाळेसाठी पदरमोड करणारी माणसे ह्या मुलखात कधीच कमी पडली नाहीत. मात्र खिळे, तार, बियाणे किंवा फळ्यांचे तुकडे दिल्याची नोंद अशा पाटीवर सहसा आढळत नाही. खोली उभी राहते, खिळा खर्ची पडतो. आणि खर्ची पडलेल्या वस्तूवर नाव कोठे कोरावे?

परंतु हातांना मिळणारे शिक्षण ह्या खर्ची पडणाऱ्या वस्तूंतूनच मिळते. काटकोन नव्वद अंशांचा असतो हे मुलाला पाठ असते. पण चौकट जोडावयास बसल्यावर चारही कोपरे जुळेनात, तेव्हा त्याला त्या काटकोनाची खरी ओळख पटते. पहिली फळी वाया जाते, दुसरी मापात येते. त्या पहिल्या फळीची किंमत कोणी भरावयाची, हा खरा प्रश्न आहे.

१९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी उद्योगाधिष्ठित शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली, तेव्हा हाच प्रश्न निघाला होता. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असा त्यातील एक विचार होता. त्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. विक्रीवर डोळा ठेवला की चुकण्याची मुभा जाते आणि शाळेचा कारखाना होतो. तंबाखूच्या वखारींच्या आणि विड्या वळणाऱ्या घरांच्या निपाणीत हे भय समजावून सांगावे लागत नाही. हाताचेच काम करावयाचे तर पोराला शाळेत कशाला धाडावयाचे, असे एखाद्या आईने विचारले, तर तिला दोष देता येणार नाही. लोकांची देणगी येथेच उपयोगी पडते. साहित्याचा भार गावाने उचलला, की मुलाच्या हातून कमाईची अपेक्षा उरत नाही.

अशा देणगीचा दाखला दूर शोधावयास नको. निपाणीपासून फार लांब नसलेल्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूस काढून ठेवीत. तोच तो मुष्टिफंड. ते धान्य मुलांच्या पोटात जाई आणि संपे. पुन्हा नवी मूठ लागे. देणाऱ्याचे नाव कोठेही लागत नसे, पण शाळेशी त्याचा संबंध मात्र रोजचा राही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातील एक दिवस सुतारकाम, जोडकाम, वीज, शेती, आहार व आरोग्य ह्यांत घालवितात. शिकविण्यास गावातील कसबी माणसेही येतात.

बेळगाव परिसरात अशा कसबी माणसांची वाण नाही. उद्यमबागेत ओतकामाचे पॅटर्न करणारे आहेत, शहापूर-वडगावात विणकर आहेत, खानापूरकडे मातीचा गुण ओळखणारे कुंभार आहेत. ह्यांपैकी एखाद्याने महिन्यातील एक दुपार आणि कारखान्यातील उरलेले तुकडे शाळेला दिले, तरी पुष्कळ झाले. मिस्त्री मराठीत सांगतो की कन्नडमध्ये, ह्यावर रंध्याची धार अवलंबून नसते. सीमाभागात हे बोलून ठेवलेले बरे!

कर्नाटकातील सरकारी शाळांत पालकांची शाळा सुधारणा समिती असते. तिने जूनमध्ये शाळा भरताच गावातून थोडेथोडे साहित्य गोळा करावे. धारदार हत्यारे मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळली जावीत. हिशेबाची वही मात्र मुलांकडेच द्यावी: किती खिळे आले, किती वाकले, किती ठोकले गेले.